आधी वाक्य, मग हालचाल : मोशन डिझाइन शिकण्याचा क्रम

मोशन डिझाइन, म्हणजे अक्षरं आणि चित्रं हलवून निरोप सांगणं. ते शिकताना बहुतेकांचा क्रम चुकतो. आधी सॉफ्टवेअर उघडलं जातं, मग एखादं तयार टेम्प्लेट, त्यावर उसळणारी अक्षरं, मागं संगीत. काय सांगायचं होतं हे शेवटी ठरतं, कधी कधी ठरतच नाही. कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बऱ्याच मुलांनी आधी फ्लेक्सच्या दुकानात काम केलेलं असतं. कोरल ड्रॉ या सॉफ्टवेअरवर हात बसलेला असतो, रंगाची जाण असते, कुठलं अक्षर मोठं करायचं हे सांगावं लागत नाही. तरी ती अडकतात. फ्लेक्सवरचा मजकूर एका नजरेत दिसतो, व्हिडिओतला एकामागून एक दिसतो. काय आधी आलं, काय नंतर, काय किती वेगानं आलं यावरून बघणारा अर्थ लावतो. आपल्या मनात तो अर्थ असो वा नसो.

हा लेख एकाच कामाभोवती लिहिला आहे : मोबाइलवर बघायचा २० सेकंदांचा उभा व्हिडिओ. विषय, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांवर पोहोचलं. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. कोल्हापुरात पावसाळ्यात हे आकडे घराघरात बोलले जातात, त्यामुळे काम चुकलं तर बघणाऱ्याला लगेच कळतं. सरावाला असाच विषय हवा.

सुरू करण्याआधी इशारा : सरावाच्या फाइलवर पहिल्या दिवसापासून "सराव, खरी पातळी नाही" अशी ठळक पट्टी ठेवा, पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत. असा व्हिडिओ एकदा ग्रुपवर गेला की तो कुणी बनवला, कशासाठी बनवला हे कुणी विचारत नाही. लोक सामान बांधायला लागतात.

## ० : तयारी

आफ्टर इफेक्ट्स (ॲडोबीचं ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर) वापरणार असाल तर संगणकाला १६ जीबी रॅम आणि एसएसडी हवी. त्याहून कमी रॅमवर प्रीव्ह्यू अडखळतो, आणि अडखळत्या प्रीव्ह्यूवर टायमिंग शिकता येत नाही. दर महिन्याचं भाडं परवडत नसेल तर क्रॅकच्या, म्हणजे चोरीच्या प्रतीच्या, मागं लागू नका. ब्लेंडर, क्रिटा, इंकस्केप, ऑडॅसिटी फुकट आहेत, दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्तीही पुरेशी आहे. की-फ्रेम (वस्तू कुठल्या क्षणी कुठं असेल याची नोंद) आणि ग्राफ एडिटर (त्या नोंदींमधली चाल दाखवणारी वक्ररेषा) ब्लेंडरमध्येही आहे. खाली मी आफ्टर इफेक्ट्समधली नावं देतो, कारण आपल्याकडे काम त्यातच मागतात. तत्त्व सगळीकडे तेच. पावसाळ्यात लाइट जाते, म्हणून ऑटो-सेव्ह पाच मिनिटांवर ठेवा.

आता अक्षरांची तयारी. सगळ्यात जास्त कामं इथं बिघडतात. फ्लेक्सच्या जुन्या फाइलींतला मजकूर बहुधा युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये असतो. तो कॉपी करून आणला की भलतीच चिन्हं दिसतात. तो तिथंच सोडा आणि युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा. मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, गिऱ्हाइकाच्या कामातही बिनधास्त चालतात.

मग आफ्टर इफेक्ट्सच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात जा, टेक्स्ट इंजिनसाठी साउथ अशियन अँड मिडल ईस्टर्न हा पर्याय निवडा, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा आणि ही ओळ टाइप करा :

बंधाऱ्यावर पूरस्थिती, कोल्हापूर

तपासा, तीन ठिकाणी. "बंधाऱ्यावर"मध्ये य-च्या आधी आडवा वळलेला अर्धा र दिसला पाहिजे. तिथं डोक्यावर रफार दिसत असेल तर तुम्ही साधा र टाइप केला आहे, ऱ नव्हे. "पूरस्थिती"मध्ये पहिली वेलांटी स्थ-च्या आधी यायला हवी, नंतर नाही. "कोल्हापूर"मधला ल्ह जोडलेला हवा, मध्ये पाय मोडलेला ल दिसता कामा नये. तिन्ही बरोबर दिसेपर्यंत पुढं जायचं नाही. सेटिंग करूनही जमत नसेल तर मजकूर इंकस्केपमध्ये मांडा, त्याचं पाथमध्ये, म्हणजे नुसत्या आकाररेषांत, रूपांतर करा आणि चित्र म्हणून आत आणा. पाथ केल्यावर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही, म्हणून टाइप केलेली मूळ प्रत वेगळी जपा.

## १ : चेंडू

हा टप्पा सगळ्यांना बालिश वाटतो आणि सगळे तो टाळतात. दोन आठवडे द्या. फक्त एक गोल आणि एक जमिनीची रेघ, दुसरं काही नको.

फ्रेम रेट २५ धरा, म्हणजे सेकंदाला २५ चित्रं. एक मीटर उंचीवरून सोडलेली वस्तू जमिनीवर यायला सुमारे ०.४५ सेकंद घेते, म्हणजे ११ फ्रेम. हे अंतर ती सारख्या वेगानं कापत नाही. पडण्याच्या वेळेचे चार सारखे भाग केले तर पहिल्या भागात ती १ घर उतरते, दुसऱ्यात ३, तिसऱ्यात ५, चौथ्यात ७. वहीत उभी रेघ ओढा, तिचे १६ सारखे भाग पाडा आणि १, ४, ९, १६ या खुणांवर चेंडू काढा. वरच्या दोन खुणा जवळजवळ, खालच्या लांब लांब. कागदावरची ही विरळ-दाट मांडणी म्हणजेच स्पेसिंग. पुढं ग्राफ एडिटरमध्ये जी वक्ररेषा ओढाल ती हेच सांगते. हाताने एकदा काढलेलं असलं की ग्राफ बघून घाबरायला होत नाही.

आता चेंडू परत उसळवा. इथली नेहमीची चूक : प्रत्येक उसळीची उंची कमी केली जाते, वेळ मात्र तेवढाच ठेवला जातो. मग शेवटच्या छोट्या उसळ्या पाण्याखाली घेतल्यासारख्या तरंगतात. उंची पाव झाली तर लागणारा वेळ निम्मा होतो. हे गणित पाळलं की चेंडूला लगेच वजन येतं.

चेंडूनंतर दोन गोष्टी मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये चित्रित करा. तालमीत ओळख असेल तर परवानगी घेऊन शड्डू ठोकणाऱ्या पैलवानाचा हात. टाळी मांडीवर पडण्याआधी हात वर जातो, खांदा मागं जातो, क्षणभर थांबतो. ही पूर्वतयारी काढून टाकली तर टाळीत जोर राहत नाही. दुसरी गोष्ट, फेटा बांधलेल्या माणसानं मान वळवली की पाठीवरचा शेमला. मान थांबते, शेमला पुढं जातो, मग मागं येतो. फ्रेम फ्रेम पुढं सरकवत कुठल्या फ्रेमला काय थांबलं ते लिहून काढा. ही यादी पुढं वर्षभर उपयोगी पडते.

तपासा : तुमचा चेंडू घरातल्या कुणाला तरी दाखवा आणि विचारा, "हा कशाचा आहे? रबराचा, लाकडाचा, की कागदाचा?" उत्तर तुमच्या मनातलं आलं तर पुढं चला.

## २ : एक वाक्य, मग मजकूर

कागदावर एकच वाक्य लिहा : बघून झाल्यावर माणसाला काय कळलं पाहिजे आणि त्यानं काय केलं पाहिजे. आपल्या कामात ते असं : "पाणी इशारा पातळीला आलं आहे, नदीकाठच्या घरांनी आत्ताच तयारी करावी." हे वाक्य मॉनिटरच्या कडेला चिकटवा. पुढची प्रत्येक हालचाल याला विचारून ठरते.

त्यातून बोलायचा मजकूर :

"राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी इशारा पातळीला, ३९ फुटांवर पोहोचलं आहे. धोका पातळी ४३ फूट आहे. नदीकाठच्या घरांनी कागदपत्रं, औषधं आणि जनावरांची सोय आत्ताच करून ठेवावी. पुढची पातळी प्रशासनाच्या अधिकृत सूचनेतूनच पाहा."

हे ३१ शब्द आहेत. शांतपणे वाचलं तर सेकंदाला साधारण दोन शब्द जातात, म्हणजे १५-१६ सेकंद. उरलेले चार सेकंद थांबण्यासाठी. मुलं २० सेकंदांत ७० शब्द कोंबतात, मग आवाज धावतो आणि चित्र त्याच्या मागं धावतं. शब्द कमी करायचं धाडस इथंच करा. रेंडरच्या, म्हणजे अंतिम फाइल काढायच्या, दिवशी ते होत नाही.

## ३ : कच्चा आवाज आणि चौकटी

मोबाइलवर स्वतःच्या आवाजात मजकूर रेकॉर्ड करा. खोलीत घुमत असेल तर कपड्यांचं कपाट उघडून त्यासमोर बसा. हा अंतिम आवाज नाही, मोजपट्टी आहे.

मग वहीत सहा उभ्या चौकटी काढा. प्रत्येकीखाली दोनच गोष्टी लिहा : कितव्या सेकंदापासून कितव्या सेकंदापर्यंत, आणि त्या वेळी डोळा कुठं असला पाहिजे. दुसरी गोष्ट कुणी लिहीत नाही, आणि तिच्यामुळेच एकाच वेळी तीन वस्तू तीन कोपऱ्यांतून येतात. एका वेळी एकच गोष्ट हलू द्या. तिच्यासोबत दुसरं काही हलणार असेल तर ते तिच्यामुळे हललं पाहिजे.

चौकटींचे फोटो काढा आणि कच्च्या आवाजाखाली टाइमलाइनवर मांडा. पडद्यावर जो मजकूर आहे तो सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ थांबला पाहिजे. थांबत नसेल तर इथंच दुरुस्त करा.

तपासा : चौकटींचा हा स्लाइड-शो आवाज बंद करून बघा. निरोप कळत नसेल तर हालचाल घालून तो कळणार नाही.

## ४ : चित्र, थर आणि मोजपट्टी

कॉम्पोझिशन (कामाची चौकट) १०८० बाय १९२० पिक्सेल, २५ फ्रेम, ५०० फ्रेमची लांबी. फ्लेक्सची सवय असलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा : फाइल छपाईच्या रंगांत, सीएमवायके, ठेवली तर पडद्यावर रंग मरतात किंवा भडकतात. पडद्याच्या रंगांत, आरजीबीमध्येच सुरू करा. जे जे हलणार ते वेगळ्या थरावर हवं. थरांना नावं द्या. "लेअर ४७ कॉपी २" असली नावं दुसऱ्या दिवशी तुम्हालाच ओळखू येणार नाहीत.

खालचा साधारण पाचवा भाग आणि उजवी कड रिकामी सोडा. तिथं ॲपची बटणं आणि मथळे येतात. ३९ हा आकडा त्यांच्याखाली गेला तर व्हिडिओ फुकट गेला.

आता मोजपट्टी. हा भाग बारकाईनं करा, कारण चित्र खरं बोलतंय की खोटं हे इथं ठरतं. शून्य ते ५० फूट सगळं दाखवलं तर ३९ आणि ४३ मधलं अंतर मोबाइलवर बोटभरही राहत नाही. म्हणून पट्टी ३० ते ५० फूट घ्या. हजार पिक्सेलची उंची, म्हणजे एका फुटाला ५० पिक्सेल. खालचं टोक वाय (चौकटीच्या वरच्या कडेपासून खाली मोजलेलं अंतर) १५०० वर ठेवा आणि तिथं "३० फूट" असं स्पष्ट लिहा. न लिहिल्यास बघणाऱ्याला वाटतं नदी तळापासून इतकीच चढली.

३९ फूट म्हणजे टोकापासून ९ फूट वर, ४५० पिक्सेल. वाय येतो १०५०. ४३ फूट म्हणजे ६५० पिक्सेल वर, वाय ८५०. लक्षात घ्या, आफ्टर इफेक्ट्समध्ये वर जाताना वायचा आकडा कमी होतो. पाणी चढवायचं तर संख्या उतरवायची.

दोन चुका मी सारख्या बघतो. पहिली : पातळी फूट आणि इंचांत सांगितली जाते, आणि ४१ फूट ६ इंच हे ४१.६ म्हणून मांडलं जातं. फुटाला १२ इंच, म्हणून ते ४१.५. वाय ९२५. दुसरी : पाण्याच्या आयताचा अँकर पॉइंट (ज्या बिंदूवरून त्याची जागा मोजली जाते) मधोमध राहतो. तो वरच्या कडेवर आणा. मग त्या थराचा वाय हाच पाण्याची पातळी असेल आणि आकडा बघून खात्री करता येईल. अँकर आधी हलवा, की-फ्रेम नंतर. उलट केलंत तर सगळ्या की-फ्रेम पुन्हा कराव्या लागतात.

रंगांचंही इथंच ठरवून टाका. पाणी ४३ ची रेघ ओलांडेपर्यंत लाल होता कामा नये. लाल आणि हिरव्यातला फरक सगळ्यांना दिसत नाही, म्हणून रेघेशेजारी "इशारा" आणि "धोका" हे शब्द हवेतच.

## ५ : आधी फक्त टायमिंग

अजून ईझिंग (सुटताना-येताना वेग हळू करणं) नको, मोशन ब्लर (हालचालीतला धूसरपणा) नको. सगळ्या की-फ्रेम होल्डवर ठेवा, म्हणजे मधली चाल न दिसता थेट पुढच्या जागी उडी. वस्तू टकटक जागा बदलतील, ओबडधोबड दिसेल. तरीही आवाजाबरोबर पूर्ण वीस सेकंद याच अवस्थेत पुन्हा पुन्हा चालवा. "३९ फुटांवर" हा शब्द ज्या फ्रेमला ऐकू येतो, त्याच्या दोन-तीन फ्रेम आधी आकडा पडद्यावर हवा. उशिरा आला तर चुकल्यासारखं वाटतं.

पाणी आम्ही ३७ वरून ३९ वर आणतो : वाय ११५० ते १०५०, ५० फ्रेममध्ये. शंभर पिक्सेलची दोन सेकंदांची चाल. मुलांना हे फार हळू वाटतं. नदीचं पाणी चढतं ते असंच, ठाम.

इशारा : होल्डवर जे चुकीचं वाटतंय ते गुळगुळीत केल्यावर बरोबर होत नाही, फक्त लपतं.

## ६ : ईझिंग

आता की-फ्रेम निवडून एफ नाइन दाबायचा आणि पुढं जायचं, असं जवळजवळ सगळे करतात. एफ नाइन दोन्ही टोकांना सारखाच, ३३ टक्क्यांचा ताण (इन्फ्लुअन्स) देतो. मग पाणी, आकडा, बाण, पट्टी, सगळं एकाच चालीनं चालतं. वस्तूवस्तूतला फरक जातो. चेंडूवर दोन आठवडे घालवले ते याच जागेसाठी.

नावांचा एक घोळ आधी सोडवू. आफ्टर इफेक्ट्समध्ये ईझी ईझ इन म्हणजे त्या की-फ्रेमकडे येताना हळू होणं. वेबसाइट बनवणारे त्याच हालचालीला ईझ आउट म्हणतात. दोघांबरोबर काम असेल तर ही नावं सोडा, "येताना हळू" आणि "सुटताना हळू" असं मराठीत बोला. भांडण होत नाही.

पाण्याच्या थराच्या पोझिशनवर उजवं क्लिक करून सेपरेट डायमेन्शन्स घ्या, मग फक्त वायचा व्हॅल्यू ग्राफ उघडा. पाणी चढतंय तरी रेघ खाली जाताना दिसेल. घाबरू नका, वाय कमी होतोय म्हणून तसं आहे. सुटतानाचा ताण ४० टक्के आणि येतानाचा ७५ टक्के ठेवून बघा. रेघ मध्ये तिरपी उतरते आणि शेवटी लांबवर सपाट होत जाते. पाणी ३९ ला येऊन टेकतं, धडकत नाही.

माझ्या हातून झालेली चूक इथं सांगतो. एका कामात मी पाणी पट्टीच्या तळापासून वर आणलं होतं, थांबायचं होतं ४१ फूट ६ इंचांवर. हालचालीत जीव यावा म्हणून शेवटी उसळी दिली. पाणी वर गेलं, ४३ ची रेघ ओलांडली आणि मागं येऊन बरोबर जागी थांबलं. तेवढ्या सात-आठ फ्रेम. सुतारवाड्यात राहणाऱ्या माझ्या मावशीनं मोबाइलवर बघितलं आणि विचारलं, "पाणी धोक्याच्या वर जाऊन परत आलं व्हय रं?" मला उत्तर सुचलं नाही. आकडा बरोबर होता, मोजमाप बरोबर होतं, आणि मी तिला खोटी बातमी दाखवली होती. पुराच्या काठावर राहणारं माणूस रेघेकडेच बघतं.

तेव्हापासून माझा नियम असा : मोजलेल्या गोष्टीला उसळी नाही. पातळी, आकडा, नकाशावरची सीमा, तक्त्यातला खांब, यांनी कधीही खऱ्या किमतीपुढं जायचं नाही. उसळी मथळ्याच्या चौकटीला द्या, बाणाला द्या, पिशवीच्या चित्राला द्या. जनावरांचं चित्र येताना बैलाची मान आधी थोडी खाली जाऊन मग वर आली तर छान दिसेल, आणि त्यानं कुणाची दिशाभूल होणार नाही.

लाटांचंही तसंच. वेव्ह वॉर्प हा लाटा आणणारा इफेक्ट लावताना लाटेची उंची बघा. आपल्या पट्टीवर १० पिक्सेल म्हणजे जवळजवळ अडीच इंच पाणी. लाट इतकी लहान ठेवा की पातळी कुठली हा प्रश्न पडू नये. विगल, म्हणजे वस्तू आपोआप थरथरवणारं सूत्र, तर पाण्याच्या पोझिशनवर लावूच नका.

आरोग्याचा इशारा : धोका दाखवायला लाल पडदा भराभर उघडझाप करू नका. सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगमगाट झाल्यास फेफऱ्याचा त्रास असलेल्यांना झटका येऊ शकतो. रेघ एकदा जाड होऊन तशीच राहिली तरी लक्ष जातं.

## ७ : देवनागरी अक्षरं हलवताना

टेक्स्ट ॲनिमेटरचे तयार प्रीसेट रोमन लिपी डोळ्यांपुढं ठेवून केलेले असतात, एकेक अक्षर सुटं उडवणारे. देवनागरीत त्यानं जोडाक्षरं तुटतात, काना-वेलांट्या मागं राहतात, आणि काहीच तुटलं नाही तरी शिरोरेखा फाटते. रेंज सिलेक्टरमध्ये बेस्ड ऑन हा पर्याय शोधा आणि कॅरेक्टर्सऐवजी वर्ड्स किंवा लाइन्स करा. ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवून अक्षरं लांब करू नका, शिरोरेखेत भेगा पडतात. जागा भरायची असेल तर आकार वाढवा किंवा फॉन्टचा रुंद प्रकार घ्या.

मात्र शब्दाशब्दानं आणतानाही मराठीत एक फास आहे. आपल्याकडे नकार शेवटी येतो. "पुलावर जाऊ नका" हे शब्दाशब्दानं उमटवलं तर अर्धा सेकंद पडद्यावर "पुलावर जाऊ" असं दिसतं. "धोका नाही" उमटताना आधी फक्त "धोका" दिसतो. घाईत स्क्रोल करणारा तेवढंच वाचून पुढं जातो. म्हणून सूचनेची ओळ नेहमी पूर्ण एकदम आणा. शब्दाशब्दानं आणायचंच असेल तर मथळा आणा, आणि त्यातला प्रत्येक अर्धवट टप्पा मोठ्यानं वाचून बघा.

तुकड्यातुकड्यानं अक्षर दाखवायची हौस असेल तर हाताने लिहितो तो क्रम घ्या : आधी अक्षराचं अंग, शेवटी डावीकडून उजवीकडं शिरोरेखा. अक्षरांचे पाथ करून शिरोरेखेची वेगळी रेघ काढा आणि ट्रिम पाथ्सनं ती ओढा. सोपं आहे, आणि आपल्या लिपीला शोभतं.

चढता आकडा दाखवायला स्लायडर कंट्रोल वापरला तर अंक इंग्रजी (1, 2, 3) येतात. बाकी मजकुरात ३९ आणि इथं मात्र दुसऱ्या लिपीतले अंक, असं चालणार नाही. आपल्या कामात तीनच आकडे लागतात, ३७, ३८, ३९. ते तीन टेक्स्ट थर करून होल्डवर बदला. ३९ हा आकडा पाणी ३९ च्या रेघेला टेकेल त्याच फ्रेमला आला पाहिजे.

## ८ : खरा आवाज

सगळं जागेवर बसल्यावर नीट रेकॉर्डिंग करा आणि कच्चा आवाज बदला. नव्या वाचनात थांबे थोडे हलतात, तेव्हा चित्राची दोन-चार फ्रेमनी जुळणी करावी लागते. त्याला एक संध्याकाळ राखून ठेवा. संगीत घेतलंत तर परवाना तपासा, आणि बोलणं सुरू असताना ते इतकं खाली ठेवा की म्हाताऱ्या माणसाला शब्द शोधावे लागू नयेत.

## ९ : रेंडर आणि मोबाइलवरची परीक्षा

एच दोनशे चौसष्ट कोडेक, एमपी फोर फाइल, सेकंदाला दहा मेगाबिट. वीस सेकंदांची फाइल साधारण २५ एमबी होते. रेंडर झाल्यावर ती स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा आणि तिथून बघा. फाइल दाबली जाते, आणि सगळ्यात आधी बळी जातात त्या बारीक रेघा. शिरोरेखा धूसर झाली असेल तर फॉन्टचं जाड वजन घ्या.

घरातला सगळ्यात स्वस्त मोबाइल घ्या, दुपारी गच्चीवर जा, आवाज बंद करा आणि हात लांब धरून बघा. मग तीन माणसांना दाखवा, त्यातलं एक तरी साठीच्या पुढचं असू द्या. "कसं वाटलं?" असं विचारू नका, सगळे छानच म्हणतात. हे विचारा :

"पाणी किती आलंय?"
"धोक्याला किती बाकी आहे?"
"आता काय करायचं?"

तिघांपैकी एक जरी अडखळला तर कुठल्या फ्रेमला अडखळला ते शोधा. बहुतेक वेळा चूक चौथ्या किंवा पाचव्या टप्प्यात सापडते, सहाव्यात क्वचित.

शेवटी कलेक्ट फाइल्स करून आवाज आणि चित्रं एका फोल्डरमध्ये घ्या, फॉन्ट त्यात स्वतः टाका. मग त्याच फाइलमधून दुसरा व्हिडिओ करा : पाणी ३९ वरून ३७ वर उतरतंय. की-फ्रेम नुसत्या उलट्या फिरवू नका. उतरणाऱ्या पाण्याचा वेग वेगळा ठरवा, मजकूर नव्यानं लिहा, आणि घरी परतणाऱ्याला आधी काय बघायला सांगायचं ते नव्या सहा चौकटींत काढा.